शल्लूम व मुलगे

माझ्या वडिलांचं नाव शल्लूम. पहिल्यांदा ऐकणारा "काय?" म्हणतो आणि पुन्हा सांगितलं की "असं होय" म्हणून गप्प बसतो. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जुन्या भागात या नावाचे डझनभर तरी लोक आहेत आणि त्यातल्या एकाचंही कुणाला धड काही आठवत नाही. एक राजा झाला, तो महिनाभर टिकला. एक द्वारपाळ होता. एकाची ओळख एवढीच की त्याची बायको देवाचा संदेश सांगणारी नावाजलेली संदेष्टी होती. बाकीचे कुणाचे तरी बाप, कुणाचे तरी मुलगे, लांबलचक याद्यांमध्ये दाटीवाटीने उभे. आजोबांनी डोळे मिटून पानावर बोट ठेवलं आणि बोटाखाली आला तो घरी आणला, असं आई सांगायची. बोट चार ओळी वर पडलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही सांगायची.

कहर म्हणजे आमच्या मंडळीत या नावाचे तिघे निघाले. एक दफनभूमीच्या फाटकाशी राहणारा गवंडी, तो फाटकवाला शल्लूम. दुसरा एकदा मोठ्या थाटात खजिनदार झाला आणि महिन्याच्या आत राजीनामा देऊन मोकळा झाला, त्याला सगळे 'राजा' म्हणतात. आणि माझे बाबा नुसतेच 'तिसरा शल्लूम'. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण कुणी तसं म्हटलं की त्यांचा जबडा आवळलेला मला दिसायचा.

त्या डझनभरातला एक मात्र बाबांचा लाडका होता. शास्त्रात शहराची पडकी भिंत पुन्हा बांधणाऱ्यांची एक यादी आहे. कुणी कुठला भाग बांधला, एवढंच त्यात आहे. त्या यादीत एका शल्लूमने आपल्या मुलींना घेऊन डागडुजी केली असं लिहिलंय. जेमतेम एक ओळ. मुलींची नावं नाहीत, किती होत्या तेही नाही. आम्ही तिघी पाठोपाठ झालो तेव्हा लोक सांत्वनाला येत, जसं काही कुणी गेलंय. बाबा पुस्तक उघडून ते पान त्यांच्या नाकासमोर धरायचे. आलेला माणूस चहा अर्धा टाकून उठायचा.

बाबांचा धंदा दगडाचा. भिंती, पायऱ्या, आणि मुख्य म्हणजे कबरींवरच्या शिळा. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला, पायही ओढत चालतात. तेव्हापासून ताई बांधकाम करते, मी अक्षरं कोरते आणि धाकटी चुना कालवते, मापं घेते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. तिची जीभ माझ्या छिन्नीपेक्षा धारदार आहे. सहा वर्षं मंडळीतल्या प्रत्येक कबरीवरचं नाव मी कोरलंय. लोक येऊन म्हणतात, "शल्लूमचा हात अजून काय सुरेख चालतो!" त्यांना सगळं ठाऊक असतं. बाबा जमिनीकडे बघतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या वर्षी दफनभूमीची भिंत पडली. जुन्या झाडांची मुळं शिरून तिला कधीचं पोट आलं होतं. एका सकाळी मधला भाग बसला आणि उरलेलीही उतरवावी लागणार हे उघड झालं. पंचांनी ठरवलं की भिंतीचे बेचाळीस तुकडे करायचे आणि एकेका घराने एकेक बांधायचा. ज्याला येत नसेल त्याने गवंडी लावावा. आमच्या वाट्याला सतरावा तुकडा आला, आमच्या कामाच्या आवाराला पाठ लावून असलेला. ते आवार मंडळीचंच, भाडेपट्ट्याने आमच्याकडे.

साडेतीन महिने आम्ही तिघी त्या अठरा हात भिंतीला लागलो होतो. बाबा स्टुलावर बसून डाव्या हातातल्या काठीने दगड दाखवायचे आणि अखंड खेकसायचे. "तो दगड बसला नाही, नुसता टेकलाय." "सांध्यावर सांधा आलाय, दिसत नाही का?" ताईला त्यांनी एक अख्खा थर उतरवायला लावला. ती दिवसभर दगड आपटत राहिली, पण थर उतरवला. अशा भिंतीत मधूनमधून एक लांब दगड आडवा घालावा लागतो, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. त्यानेच भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. आम्ही असे पाच घातले. सगळ्यात मोठा छातीच्या उंचीवर, बरोबर मध्ये. पहारी आणि फळ्या लावून तो चढवताना धाकटीचं नख गेलं. तो जागेवर बसला, ताईने ओळंबा सोडून पाहिला, आणि बाबा त्या साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा हसले.

भिंत उभी राहिल्यावर मंडळीचे चिटणीसकाका आमच्या आवारात आले. पन्नाशीचे, अविवाहित, भिडस्त माणूस. प्रत्येक तुकड्यावर बांधणाऱ्या घराच्या नावाची एक छोटी शिळा बसवायची होती, आणि बेचाळीस शिळा कोरायचं काम आमच्याकडेच आलं होतं. त्यांनी यादी माझ्या हातात दिली. छापील कागद होता. आधी क्रमांक, मग नाव लिहायला रेघ, आणि प्रत्येक रेघेपुढे आधीच छापलेलं 'व मुलगे'.

मी सतरावी ओळ वाचली. मग नववी वाचली.

"काका, तुमचं लग्न कधी झालं?"

"अगं, काहीतरीच काय!"

"नववा तुकडा. तुम्ही व मुलगे. किती आहेत?"

काकांचे कान लाल झाले. "ते छापील आहे गं. माझ्यापुढचं खोडायचं राहून गेलं. तेवढं तू कोरू नकोस."

"मग सतराव्यापुढचंही खोडा. आणि तिथे लिहा, 'आणि त्याच्या मुली'."

"असं कसं? तसं कुणाचंच नाही."

"तसं कुणी बांधलंच नाही, म्हणून नाही."

काका कागदाची घडी घालत राहिले. शेवटी म्हणाले की हे त्यांच्या हातात नाही, पंचांच्या अध्यक्षांना विचारावं लागेल. मी म्हटलं, "चला, आत्ताच विचारू." हातावरची धूळही मी झटकली नाही.

अध्यक्षांच्या खोलीत मोठं टेबल आहे, त्यावर काच, आणि काचेखाली सगळ्या जुन्या अध्यक्षांचे फोटो. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकलं. ते नेहमी शांतपणेच ऐकतात, कारण निर्णय आधीच झालेला असतो.

"पोरी, तुम्ही मदत केलीत, चांगलं केलंत. पण घरातल्या मुलींचा बोभाटा भिंतीवर कशाला? उद्या लग्नं होतील, दुसऱ्यांची नावं लागतील."

"आमची नावं कोण मागतंय? मुली होत्या, एवढंच लिहा. शास्त्रातही एवढंच लिहिलंय."

"तो कुठला तरी शल्लूम. असे ढीगभर आहेत. कोण ओळखतं त्याला?"

"मुलींमुळेच ओळखतात, साहेब. त्या काढून टाका आणि मग सांगा तो कोण उरतो. बाकीच्या ढिगातला एक. आणि तुमच्या यादीत काय झालंय बघा. चौथा तुकडा शल्लूम व मुलगे, सतरावा शल्लूम व मुलगे, एकतिसावा शल्लूम व मुलगे. माझा बाप यातला कुठला?"

त्यांनी यादी पाहिली. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जरा विचार करून ते म्हणाले, "मग सतराव्याला कंसात 'तिसरा' लिही."

माझ्या तोंडून त्या खोलीत शोभणार नाही असा शब्द गेला. काकांनी घाईघाईने मध्ये तोंड घातलं. "'शल्लूम व कुटुंब' लिहिलं तर? म्हणजे सगळेच आले."

अध्यक्षांनी मान डोलावली. "चालेल. बघ, आम्ही किती समजून घेतो." आणि मी दाराशी पोचल्यावर, अगदी सहज: "तुमच्या आवाराचा करार या वर्षी संपतोय. बाबांना आठवण दे."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. धाकटी म्हणाली, कुटुंबात तर मांजरही येतं. ताई हातोडीचा दांडा तासत बसली. बाबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "कुटुंब लिही."

"बाबा!"

"वाईट काय आहे त्यात? खोटं तर नाही ना?"

"अर्धवट आहे. अर्धवट म्हणजे त्यांच्या सोयीचं."

"तीस वर्षं या आवारात काढली मी. हात गेलाय माझा. आवार गेलं तर मी स्टूल कुठे टाकू? तुम्ही तिघी दगड कुठे उतरवणार? एका ओळीपायी एवढं?"

"त्या ओळीपायीच तुम्ही माणसांना घरातून उठवत होतात. आमच्यासाठी."

"तेव्हा माझे दोन हात होते."

तिथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "सहा वर्षं लोक तुमच्या हाताचं कौतुक करतात आणि तुम्ही खाली बघता. आता भिंतीसमोरही जन्मभर खालीच बघायचं का?"

ते उठले आणि पाय ओढत आत गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आठ दिवस ताट समोर ठेवलं की जेवायचे, पाणी दिलं की प्यायचे, शब्द नाही. मला वाईट वाटत होतं. रडलेसुद्धा मी, चुन्याच्या पोत्यांमागे बसून. पण बोललेलं मागे घेतलं नाही, कारण ते खरं होतं.

त्या आठ दिवसांत मी एक्केचाळीस शिळा कोरल्या. काकांची एक सोडली तर बाकी सगळ्यांवर 'व मुलगे' आलं, इतक्या वेळा की शेवटी शेवटी आखणीसुद्धा लागली नाही. वीस वर्षांत भिंतीजवळ न फिरकलेल्या मुलग्यांचीही सोय झाली. एक शिळा कोरी राहिली. ती मी तशीच बाजूला ठेवली.

मग भर दुपारी, रस्त्यावरून येणारेजाणारे बघत असताना, मी सतराव्या तुकड्यासमोर फळी टाकली. शिळेसाठी ठेवलेली खाच ताईने साध्या दगडाने बुजवून टाकली. धाकटीने त्या मोठ्या आरपार दगडाचं तोंड ओल्या फडक्याने पुसून दिलं. मी खडूने आखलं, मग ब्रशने अक्षरं काढली, आणि छिन्नी लावली.

सुट्या शिळेवर हात चुकला तर दुसरी घेता येते. भिंतीतल्या दगडाला दुसरी संधी नसते. आधी शिरोरेघ. मग 'श'. जोडलेल्या 'ल'ला मला नेहमीच भीती वाटते, तिथे दगड टवका सोडतो. मी श्वास धरून हातोडी चालवत होते. आणि खोल कोरत होते, नेहमीच्या दुप्पट, चांगलं बोटाच्या पेरभर. ताईने एकदा विचारलं, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "घासायला येतील म्हणून." मग ती फळीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. एक सायकलवाला थांबून म्हणाला, "बाबा कुठे आहेत?" धाकटी म्हणाली, "घरी विश्रांती घेतायत. सहा वर्षं झाली." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ण झालं: शल्लूम आणि त्याच्या मुली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी अध्यक्ष पाहणीला आले. बरोबर काका, आणि हत्यारं घेतलेला फाटकवाला शल्लूम. म्हणजे कुणीतरी आधीच वर्दी दिली होती. अध्यक्षांनी वाचलं. चेहरा शांतच.

"हा दगड काढ," ते फाटकवाल्याला म्हणाले.

फाटकवाल्याने हातोडीच्या दांड्याने दगड वाजवून पाहिला. मग भिंतीच्या पलीकडे जाऊन त्याचं दुसरं तोंड पाहून आला. "निघायचा नाही हा. आरपार आहे. याला हात लावायचा तर वरचे चार थर उतरवावे लागतील, आणि तुमचे पाहुणे दुपारी येणार."

"मग अक्षरं घासून टाक."

त्याने अक्षरात बोट घातलं. "इतकं खोल घासायचं म्हणजे दगडाला वाटी पडेल. येणारा प्रत्येक जण विचारेल, इथे काय होतं? मग सांगत बसा."

"तू गवंडी आहेस की यांचा वकील?"

"गवंडी आहे, म्हणूनच सांगतोय," फाटकवाला म्हणाला. "मला पाच मुलगे आहेत साहेब, आणि एकालाही ओळंबा धरता येत नाही. चौथा तुकडा मी एकट्याने बांधलाय. तिथेही 'व मुलगे' आहे, मी बोललो का?" त्याने हत्यारं पिशवीत टाकली आणि फाटकाकडे चालू लागला.

तेवढ्यात बाबा आवाराच्या दारातून बाहेर आले. कुणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत भिंतीपाशी गेले, डावा हात अक्षरांवरून फिरवला, शिरोरेघेपासून शेवटच्या वेलांटीपर्यंत. अध्यक्ष म्हणाले, "शल्लूम, तुझ्या मुलींना समजाव. अजून वेळ गेलेली नाही. कराराचं तुला माहीत आहे." बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून परत आत गेले. मला वाटलं, संपलं. बापाला मी त्याच्या हक्काच्या जागेवरून उठवलं, आणि ज्या ओळीपायी उठवलं ती त्याला मान्यही नाही.

दुपारी सगळी मंडळी भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसली. अध्यक्षांचं भाषण झालं. मग चिटणीसकाका यादी वाचायला उभे राहिले. एकेक क्रमांक वाचला की त्या घरचा कर्ता आपल्या मुलग्यांसह उभा राहायचा, टाळ्या व्हायच्या, सगळे बसायचे. नवव्याला काका स्वतःचं नाव वाचून एकटेच दोनदा वाकले. लोक हसले. मी मागच्या रांगेत बहिणींच्या मध्ये बसले होते. बाबा पुढे, कडेच्या खुर्चीवर.

"सतरा," काका म्हणाले, आणि घुटमळले. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कागदाकडे बोट केलं. "शल्लूम व मुलगे." कबूल केलेलं 'कुटुंब'सुद्धा गेलं होतं.

बाबा उभे राहिले. त्यांना उठायला वेळ लागतो, त्यामुळे टाळ्या सुरू होऊन थांबल्यासुद्धा.

"मला मुलगे नाहीत," बाबा म्हणाले.

कुणीतरी खोकलं. काका हळूच म्हणाले, "शल्लूमदादा, यादीत तसं आहे."

"यादी खाली ठेव. भिंत समोर आहे. तिच्यावरचं वाच."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "शल्लूम, बस खाली. हे नंतर बोलू."

"वाचल्याशिवाय बसणार नाही."

त्यांचा सगळा भार डाव्या हातावर आला होता. काठी वाळूत रुतत चालली होती. ताई धावत पुढे गेली, मागोमाग आम्ही दोघी. मी त्यांच्या दंडाला हात लावला तर ते खेकसले, "धरू नका. नुसत्या उभ्या राहा." त्या भांडणानंतर माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. आम्ही तिघी हात खाली सोडून त्यांच्या शेजारी उभ्या राहिलो. सगळी मंडळी बघत होती आणि बाबा मान वर करून सगळ्यांकडे बघत होते.

काकांनी यादी खिशात घातली. चष्मा पुसला. भिंतीकडे वळून शाळेतल्या मुलासारखं, एकेक शब्द सुटा करून त्यांनी वाचलं, "शल्लूम. आणि. त्याच्या. मुली."

पहिली टाळी फाटकवाल्याची होती. बाबांनी ती ऐकली आणि मगच बसले.

करार संपला आणि पंचांनी तो वाढवला नाही. पत्रात कारण दिलं होतं, 'जागेची आवश्यकता'. आवार अजून रिकामंच आहे, त्यात गवत वाढलंय. आता आम्ही गोदामांच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो. गाडी आत येत नाही, दगड खांद्यावर आणावे लागतात, आणि दुपारी पत्रा असा तापतो की बाबांना स्टूल घेऊन तीनदा जागा बदलावी लागते. ते खेकसतात पहिल्यासारखेच. शिळेचं काम घेऊन कुणी आलं आणि त्यांच्या हाताचं कौतुक करू लागलं, की काठीने माझ्याकडे बोट दाखवतात.

एका ओळीपायी आवार घालवलंस, पश्चात्ताप होतो का, असं लोक मला विचारतात. होतो. पेरभरच कोरलं. दोन पेरं खोल कोरायला हवं होतं.